एकवीस तासांचं पाणी

नदीच्या कचेरीत तिला सगळे मोजणीताई म्हणत. कागदोपत्री तिचा हुद्दा लांबलचक होता, पण तो तिला स्वतःलाही एका दमात सांगता येत नसे. काम मात्र साधं. रोज सकाळी आठ वाजता पुलाच्या तिसऱ्या खांबावर रंगवलेली पट्टी वाचायची, पाणी कितव्या रेघेवर आहे ते वहीत लिहायचं आणि वर धरणावर फोन करून कळवायचं. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. तापाने फणफणलेली असतानाही ती छत्री टेकत पुलावर गेली होती. तिचा नवरा छापखान्यात होता, तो म्हणायचा, "ही त्या खांबाकडे जितकं निरखून बघते, तितकं माझ्याकडे बघितलं असतं तर मी केव्हाच सुधारलो असतो."

त्या वर्षी पाऊस लांबला आणि नदीकाठची जुनी भांडणं पुन्हा वर आली. वरचे फळबागवाले म्हणत, धरणातलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत जातं. शहर म्हणे, आम्ही माणसं जास्त, आम्हाला आधी. नदीच्या मुखाशी राहणारे म्हणत, समुद्राचं खारं पाणी आमच्या विहिरींपर्यंत चढलं, आमचं कोणी ऐकतच नाही. कचेरीला नवे सचिव आले होते. माणूस तरुण, टापटिपीचा, टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावणारा. त्यांनी ठरवलं, की सगळ्या नदीचा मिळून एकच आराखडा करायचा आणि त्याच्या पहिल्या पानावर 'पाण्याची सुरक्षितता म्हणजे काय' हे एका वाक्यात लिहायचं. त्या एका वाक्यावर पहिली बैठक अख्खा दिवस चालली आणि घोडं तिथेच अडलं.

मग सचिवांनी फर्मान काढलं, की कोणीतरी नदीभर फिरून लोकांना विचारून यावं. कचेरीतल्या प्रत्येकाला त्याच क्षणी आपापल्या खणात काहीतरी शोधायचं आठवलं. मोजणीताई तेवढी मान वर करून बसली होती, म्हणून काम तिच्या गळ्यात पडलं. चार आठवड्यांची मुदत मिळाली आणि पुलावरच्या पट्टीसाठी बदली माणूस.

सुरुवात तिने घरापासून केली, म्हणजे सख्ख्या भावापासून. दादा धरणाच्या दरवाजांचा प्रमुख होता. तेहतीस वर्षं एकाच ठिकाणी काढलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं मोजकं. दरवाजांच्या खोलीत जाताना तो चपला बाहेर काढायचा आणि दुसऱ्यांनाही काढायला लावायचा. आत भिंतभर काच, काचेपलीकडे स्थिर पाणी, आणि लाकडी झाकणांखाली ओळीने बटणं. ताईने प्रश्न विचारला, तसं त्याने तिच्या हातातला कागद घेतला आणि ठसठशीत अक्षरात लिहून दिलं: 'धरणात एकशेवीस दिवसांचा साठा.'

"एवढंच?"

"एवढं असलं की बाकीचं बोलायला माणसं शिल्लक राहतात," दादा म्हणाला.

ताईने मग मुखाशी चढलेल्या खाऱ्या पाण्याचा विषय काढला. अधूनमधून थोडं पाणी खाली सोडलं तर खारं मागे हटेल, असं तिथले लोक म्हणत होते. दादाचा चेहरा एकदम दार लावून घेतल्यासारखा झाला. मोसम सोडून दरवाजा उघडायचा नाही, नियम आहे, असं म्हणून तो उठला आणि काचेशी जाऊन उभा राहिला. ताईला त्याचा हा स्वभाव माहीत होता, तिने ताणून धरलं नाही. परतताना वहिनी तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. रस्ताभर इकडचं तिकडचं बोलली आणि बस दिसल्यावर घाईघाईने म्हणाली, की यांना खालचं काही विचारत जाऊ नकोस. मग आठ-आठ दिवस धड जेवत नाहीत. का, हे विचारायच्या आत कंडक्टरने घंटी मारली.

शहराच्या पाणीपुरवठ्यात प्रयोगशाळेच्या बाई होत्या. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि कोणतीही बाटली आधी नाकाशी नेऊन मगच यंत्रात घालायची सवय. खिडकीच्या कठड्यावर त्यांनी रोजच्या पाण्याच्या बाटल्या तारखेवार मांडल्या होत्या. किती पाणी, किती पाणी, हे ऐकून आपले कान किटले आहेत, असं त्या म्हणाल्या. "तहान लागल्यावर माणूस काय आकडा पितो? पाणी कसं आहे ते विचारा." पिण्याजोगं आणि रोज सारखंच असलेलं पाणी, ही त्यांची सुरक्षितता. नदी दुथडी भरून वाहत असताना शहराचे नळ कोरडे पडलेले त्यांनी पाहिले होते. सतरा वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, एका सकाळी नदीला राखेच्या रंगाचं पाणी आलं. वरून कोणीतरी दरवाजा उघडला होता आणि तळाचा गाळ ढवळून निघाला होता. तो गाळ वाळूच्या गाळण्यांमध्ये बसला आणि चार दिवस सगळं शहर टँकरच्या मागे धावलं. "सहा तास आधी कोणी सांगितलं असतं तर नदीतून पाणी घ्यायचं आमचं दार लावून घेतलं असतं आणि टाकीतल्या पाण्यावर दिवस काढला असता," बाई म्हणाल्या. "सांगायचं कोणाच्या मनातच आलं नाही."

ताईने ते लिहून घेतलं. सतरा वर्षं हा आकडा तेव्हा तिच्या मनाला टोचला नाही.

मुखाकडे मात्र ती आयुष्यात पहिल्यांदाच गेली. बसमध्ये बसल्यावर हे तिच्या लक्षात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. एकोणीस वर्षं नदी मोजली आणि ती संपते कुठे, हे पाहिलं नव्हतं. शेवटच्या थांब्यावर उतरून विचारत विचारत ती शिंपलेमावशींच्या घरी पोचली. मावशी सत्तरीला टेकलेल्या, पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या दांड्यावर शिंपले काढायला अजून जात. काठावरच्या पंधरा-वीस बायकांचं हेच काम. कमरेला टोपली बांधायची, आखूड दाताळ्याने वाळू उकरायची आणि भरती यायच्या आत परतायचं. मावशींचं घर फळ्यांचं. दाराशी गोणपाटं वाळत होती आणि आत सून शिंपले निवडत होती.

ताईने कागद काढला, तसा मावशींनी तो दुमडून तिच्याच पिशवीत परत ठेवला. म्हणाल्या, चपला काढ आणि चल. पोटरीभर पाण्यातून त्या तिला दांड्यावर घेऊन गेल्या आणि तीन ठिकाणचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायला लावलं. पहिलं खारट, दुसरंही खारटच, तिसरं जरा सौम्य.

"आधी हे दुसरं मचूळ असायचं," मावशी म्हणाल्या. "अर्धं नदीचं, अर्धं समुद्राचं. शिंपला त्यातच वाढतो. नुसत्या खाऱ्यात मरतो, नुसत्या गोड्यातही मरतो. आम्हाला जास्त पाणी नकोच आहे. बेतानं हवं."

ताईला हे नवीन होतं. तिने आजवर पाण्याचं एकच गणित ऐकलं होतं, की कमी वाईट आणि जास्त चांगलं. ती विचारात पडलेली पाहून मावशी पुढे बोलल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काल काय झालं ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. सतरा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्या सातजणी याच दांड्यावर होत्या. दुपारचे दोन, आभाळ स्वच्छ, ओहोटी पुरी उतरलेली. त्यांचं लक्ष समुद्राकडे, कारण पाणी चढायचं ते तिकडून. त्या दिवशी ते पाठीमागून आलं. बघता बघता दांडा पाण्याखाली गेला. टोपल्यांच्या दोऱ्या सोडून त्यांनी एकमेकींच्या कमरा बांधल्या आणि तशाच काठाकडे निघाल्या. टोकाला मावशींची धाकटी जाऊ होती. तिची दोरी जुनी होती.

"सहाजणी परत आलो," मावशी म्हणाल्या.

मावशींनी वाकून पायाजवळचा एक शिंपला उचलला, पाहिला आणि लहान होता म्हणून परत टाकला.

"पाणी आलं त्याचा राग नाही गं. नदीच ती, येणारच. वरच्या माणसाला आदल्या दिवशीपासून माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं, तेवढंच अजून सलतं." मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू रोज पाणी मोजतेस ना? मग कळवतेस कोणाला?"

"वर. धरणावर."

"वर कशाला? त्यांनीच तर सोडलेलं असतं. पाणी खाली येतं ना?"

परतीच्या बसमध्ये ताई या प्रश्नाचं उत्तर शोधत राहिली आणि शहर आलं तेव्हा घरी न जाता थेट कचेरीत गेली. दप्तरखान्यात जुन्या वह्या वर्षावार बांधून ठेवल्या होत्या. सतरा वर्षांपूर्वीची वही तिने ओढून काढली, धूळ झटकली आणि उन्हाळ्याची पानं उलटली. तो दिवस सापडायला वेळ लागला नाही. रोजचे आकडे एका बोटाने इकडेतिकडे, आणि त्या सकाळी आठ वाजता एकदम साडेचार फूट जास्त. आकड्यापुढे शेरा: 'धरणावर कळवले.' आकडा बरोबर होता. शेरा खरा होता. अक्षर तिचंच होतं, नोकरीच्या दुसऱ्या वर्षातलं, वळणदार.

सकाळी आठला पाणी पुलाशी, दुपारी दोनला दांड्यावर. मधले सहा तास त्या दिवशी तिने काय केलं, ते तिला आठवेना. बहुधा डबा खाल्ला असेल. कोणाशी तरी हसली-बोलली असेल.

रविवारी दुपारी ती वही घेऊन दादाकडे गेली. वहिनी समोर आली आणि हातातली वही पाहून आत निघून गेली. दादाने पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचलं. मग तो बोलायला लागला. एका दरवाजाची तपासणी करायची होती, त्यासाठी पातळी उतरवणं भाग होतं. साहेबांनी तोंडी सांगितलं आणि त्याने संध्याकाळी पाचला दरवाजा उघडला. नियमाप्रमाणे तीनदा भोंगा वाजवला. भोंगा ऐकू जातो तीन किलोमीटर. मुखाशी काय झालं ते त्याला दोन दिवसांनी कळलं.

"चौकशी झाली," तो म्हणाला. "भोंगा वाजवला का, एवढंच विचारलं. वाजवला होता. खाली कोण असतं हे तुला माहीत होतं का, असं कोणी विचारलंच नाही."

"माहीत होतं?"

"नाही. अजूनही नाही. मी खाली गेलोच नाही कधी." त्याने वहीवर हात ठेवला. "तेव्हापासून मोसमाबाहेर एक दरवाजा हलवला नाही. बंद असलं की कोणाचं काही जात नाही, असं वाटायचं."

ताईने त्याला मचूळ पाण्याचं सांगितलं. दरवाजा बंद ठेवूनही खाली काय काय मरत होतं ते सांगितलं. आणि मग त्या पानावरचं स्वतःचं अक्षर दाखवलं. दादा आधी नको नको म्हणाला, तुझी काय चूक त्यात, तुला कोणी सांगितलं होतं का. पण तेच आपल्यालाही लागू पडतं, हे बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो मध्येच थांबला. वहिनीने चहा आणून ठेवला. दादाने आधी ताईचा कप तिच्याकडे सरकवला.

बैठकीला त्या दिवशी कचेरीची मोठी खोली भरली. लांब टेबलाच्या एका बाजूला वरच्या फळबागवाल्यांचे अध्यक्ष, ज्यांना ताई मधल्या आठवड्यात भेटून आली होती, त्यांच्यासमोर प्रयोगशाळेच्या बाई, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत शिंपलेमावशी, पायाशी पिशवी घट्ट धरून. बैठकांना कधीच न येणारा दादा शेवटच्या रांगेत येऊन बसला. सचिवांनी ताईकडे हात केला आणि वाक्य मागितलं.

एक वाक्य झालं नाही, असं ताईने सांगितलं. ज्याने जे सांगितलं ते तिने त्याच्याच शब्दांत वाचून दाखवलं. धरणाचा साठा, शहराचं शुद्ध पाणी, फळबागांची पाण्याची पाळी न चुकणं, मुखाचं बेतानं येणारं पाणी. सचिवांच्या कपाळावर आठ्या पडल्या. हे तर प्रत्येकाचं वेगळंच झालं, ते म्हणाले, यातून आराखडा कसा करायचा? ताई म्हणाली, की ते तिला माहीत नाही. तिला एवढंच दिसतं, की दरवाजा हलायच्या आधी ते पाणी कुठे किती वाजता पोचणार, हे खालच्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. आणि मग तिने सतरा वर्षांपूर्वीचं ते पान सगळ्यांसमोर वाचलं, शेऱ्यासकट.

अध्यक्षांना हे पटलं नाही. ऐन टंचाईत समुद्राला पाणी पाजायचं हा कसला शहाणपणा, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ते चुकीचंही नव्हतं. त्यांची झाडं तीन वर्षांनी यंदा कुठे फळाला येत होती. बाई म्हणाल्या, मला आधी कळणार असेल तर माझी हरकत नाही. बोलणं वाढत चाललं, तेव्हा दादा उठला. त्याने आपलं काम सांगितलं आणि त्या दिवशी दरवाजा आपण उघडला होता, हेही सांगितलं. मावशींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी कोणाला फोन केला होता साहेब?"

"कोणालाच नाही. तुमचा नंबर नव्हता माझ्याकडे."

"तो तर आजही नाही."

दादाने खिशातून पेन काढलं. मावशींनी एकेक आकडा सावकाश सांगितला आणि त्याने तो हाताच्या तळव्यावर लिहून घेतला, कारण कागद शोधायचं त्याला सुचलं नाही. माफी त्याने मागितली नाही आणि मावशींनीही ती मागायला लावली नाही. ताईला तेव्हा वाटलं, मागितली असती तर मावशी उठून गेल्या असत्या.

पुढचं काम मग कामासारखं झालं. महिन्यातून दोनदा, ओहोटी पाहून, थोडं पाणी सोडायचं. सोडायच्या आधी पूल, पाणीपुरवठा आणि मुख, तिन्हीकडे फोन. तिन्हीकडून "ऐकलं" असं आल्याशिवाय दादाने बटणावरचं झाकण उचलायचं नाही. अध्यक्षांनी आपला विरोध लेखी नोंदवायला लावला आणि सचिवांनी तो शब्दन् शब्द नोंदवला. तीन महिने करून पाहू, असं ठरलं. पहिल्या पानावर चारही उत्तरं एकाखाली एक छापली गेली. वरिष्ठांकडून ते पान दोनदा परत आलं. दोन्ही वेळा सचिवांनी ते जसंच्या तसं पुन्हा पाठवलं. टापटिपीच्या माणसात एवढा हट्ट असेल, असं कोणाला वाटलं नव्हतं.

पहिल्या खेपेला दादाने दरवाजा मदतनिसाच्या हाती दिला, संध्याकाळी पाचला उघडायला सांगितलं आणि स्वतः रजा टाकून मुखाकडे निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ताई पुलावर होती. पाणी चार बोटं चढलेलं होतं. तिने ते वहीत लिहिलं आणि मावशींना फोन केला. पलीकडून "ऐकलं" असा आवाज आला आणि मागे बायका हसल्याचं ऐकू आलं. एकोणीस वर्षांत खाली केलेला तो तिचा पहिला फोन. मग तिने बस पकडली.

ती पोचली तेव्हा एक वाजला होता. काठावर पंधरा-वीस बायका टोपल्या उतरवून बसल्या होत्या आणि त्यांच्यापासून जरा दूर, हातात घड्याळ धरून, दादा उभा होता. दोन वाजले. दांडा कोरडाच. अडीच झाले, तीन झाले. दादाचा जीव टांगणीला लागला. तो चार पावलं जाई आणि परत येई. बायका एकमेकींना खुणावत होत्या. एकीने विचारलं, की साहेबांनी दरवाजा उघडायचा सोडून नुसता फोनच तर केला नाही ना? त्यावर मावशीसुद्धा हसल्या.

चार वाजून गेल्यावर मावशी उठल्या, पाण्यात शिरल्या आणि ओंजळ तोंडाशी नेली. थुंकल्या. पुन्हा घेतली.

"आलं," त्या म्हणाल्या.

डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पाणी जेमतेम वीतभर चढलं होतं, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. ताईने चाखून पाहिलं. खारटपणाची धार बोथटली होती. पात्र सुकलेलं, तेव्हा वाटेत पाणी जिरलं असणार आणि म्हणून एकविसाऐवजी तेवीस तास लागले असणार, असा हिशोब दादा स्वतःशीच पुटपुटत होता. मावशी त्याच्याजवळ आल्या.

"पुढच्या वेळी तास नीट सांगा. बायका दुपारभर खोळंबल्या."

"सांगतो," दादा म्हणाला.

मग त्याने हलक्या आवाजात त्यांच्या जावेचं काही विचारलं. मावशींनी हात लांब करून दांड्याच्या पलीकडच्या टोकाकडे बोट दाखवलं. दादाने चपला काढल्या, पँट दुमडली आणि दोघं तिकडे चालू लागली, मावशी पुढे, तो मागे. ताईला हाक मारावीशी वाटली नाही. ती बायकांमध्ये जाऊन बसली. सकाळच्या ओहोटीचे शिंपले निवडायचे होते. उघडे एकीकडे, मिटलेले एकीकडे. तिला ते जमेना, आणि शेजारच्या बाईने न बोलता तिच्या ढिगातले चुकलेले उचलून घेतले.

शेवटची बस साडेपाचची होती, ती गेली. मावशींच्या सुनेने दारातून ताईकडे आणि दादाकडे पाहिलं, मग बसथांब्याच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, आणि आत वळून लेकीला दोन ताटं जास्तीची मांडायला सांगितली.